मजुरी देणार कोण?

मुंबईच्या मशीद बंदरच्या घाऊक बाजारांत १९६० च्या सुमारास सकाळीं कोणी फेरी मारली असती, तर एक दृश्य त्याच्या नजरेंतून सुटलें नसतें. मालाच्या ट्रकपाशीं पाठ वांकवून एक माणूस उभा आहे. दोघांनीं मिळून शंभर किलोचें पोतें उचललें आणि त्याच्या पाठीवर ठेवलें. तो क्षणभर डळमळला, पायांवर तोल सांवरला, आणि अरुंद गल्लींतून हातगाड्या चुकवीत वखारीकडे चालूं लागला. पोतें थप्पीला लावून तो परत आला, तों दुसरें पोतें तयारच होतें. ह्या माणसाला मुंबईनें माथाडी हें नांव दिलें. माथ्यावर ओझें वाहतो तो माथाडी.

ह्या माणसाचा धनी कोण, असें तेथें कोणी विचारलें असतें, तर त्याला सरळ उत्तर मिळालें नसतें. पोत्यांतील साखर एका व्यापाऱ्याची. ट्रक दुसऱ्याचा. वखार तिसऱ्याची. उद्यां माल उचलून नेणारा गिऱ्हाईक चौथा. संध्याकाळीं हातावर पैसे ठेवणारा मुकादम पांचवा. दुपारनंतर तोच माणूस शेजारच्या पेढीचा माल उतरवीत असे, तेव्हां हीं पांचही नांवें बदलत. पाय मुरगळून तो आठ दिवस खोलीवर पडून राहिला, तर त्या आठ दिवसांचा भार कोणावर? पांचांपैकीं प्रत्येक जण प्रामाणिकपणें म्हणूं शके कीं, "तो माझा नोकर नाहीं." आणि प्रत्येकाचें म्हणणें अर्धें खरें असे.

किमान वेतनाच्या कायद्यांची हकीकत सांगतांना बहुधा दर किती ठरला हेंच सांगितलें जातें. तासाला किती पेन्स, दिवसाला किती आणे, महिन्याला किती रुपये. परंतु दर ठरविणें हा ह्या इतिहासांतला सोपा भाग आहे. समिती बसते, धान्याचे भाव पाहते, कापडाचे भाव पाहते आणि एक आंकडा काढते. तो आंकडा द्यावयाचा कोणीं, हें ठरविणें खरें अवघड. कारखान्याच्या दारावर मालकाच्या नांवाची पाटी असते. बाजाराला, परसाला, रस्त्याला आणि घराच्या ओटीला अशी पाटी नसते. माथाडीच्या प्रश्नाला महाराष्ट्रानें १९६९ सालीं एक उत्तर दिलें. त्या उत्तराची किंमत नीट कळावयाची, तर आधीं थोडें मागें आणि थोडें दूर गेलें पाहिजे. कारण हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वीं इंग्लंडांतल्या कांहीं गरीब बायकांपुढें उभा राहिला होता.

बर्मिंगहॅम शहराजवळ क्रॅडले हीथ नांवाचें गांव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तें लोखंडी साखळ्यांसाठीं प्रसिद्ध होतें. जहाजांच्या नांगराच्या जाड साखळ्या कारखान्यांत पुरुष घडवीत. बारीक साखळ्या मात्र घरामागच्या परसांत, लहानशा भट्टीवर, बायका घडवीत. लोखंडाची कांब तापवावी, तोडावी, वांकवून तिची कडी करावी, ती मागच्या कडींत अडकवावी आणि हातोड्यानें सांधावी, असें हें काम. कारखानदार आणि ह्या बायका यांच्यामध्यें दलाल असे. तो कांबा आणून देई, तयार साखळी घेऊन जाई, आणि मोबदल्यांतला आपला वांटा आधींच काढून घेई. आठवडाभर हातोडा चालवून बाईच्या हातीं पांच-सहा शिलिंग पडत.

अशा धंद्यांकडे सुशिक्षित समाजाचें लक्ष वेधावें म्हणून १९०६ सालीं 'डेली न्यूज' ह्या वृत्तपत्रानें लंडनच्या क्वीन्स हॉलमध्यें एक प्रदर्शन भरविलें. त्यांत वस्तूंबरोबर त्या घडविणारीं माणसेंही कामाला बसविलीं होतीं. खानदानी घराण्यांतल्या स्त्रियांनीं तेथें प्रथमच पाहिलें कीं, आपल्या घरांत रोज लागणाऱ्या वस्तू कोणत्या हातांनीं आणि किती मजुरीवर तयार होतात. प्रदर्शनानें लोकमत हललें. व्हिक्टोरिया ह्या ऑस्ट्रेलियन वसाहतींत १८९६ पासून कांहीं धंद्यांसाठीं वेतनमंडळें होतीं. त्याच धर्तीवर १९०९ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा केला. त्या वेळीं व्यापारखात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल हे होते. तयार कपडे, कागदी खोकीं, लेसची शेवटची कारागिरी आणि साखळी, असे चार धंदे प्रथम निवडण्यांत आले. प्रत्येक धंद्यासाठीं मंडळ नेमावयाचें. त्यांत मालकांचे, कामगारांचे आणि त्रयस्थ असे सभासद असावयाचे. आणि त्यांनीं मजुरीचा नीचांक ठरवावयाचा.

साखळीच्या मंडळानें १९१० सालीं ताशीं अडीच पेन्स हा दर ठरविला. ५४ तासांच्या आठवड्याला ११ शिलिंग ३ पेन्स झाले. म्हणजे पुष्कळ बायकांची मजुरी जवळजवळ दुप्पट होणार होती. परंतु कायद्यांत एक फट राहिली होती. दर जाहीर झाल्यावर तो सक्तीचा होण्यापूर्वीं सहा महिने जावे लागत, आणि त्या मुदतींत कामगारानें लेखी संमति दिली, तर मालकाला कमी मजुरी देतां येई. मालकांनीं आणि दलालांनीं तत्काळ कागद छापले आणि परसापरसांतून फिरविले. कित्येक बायकांना वाचतां येत नव्हतें. त्यांनीं सहीच्या जागीं फुलीची खूण केली. आपण काय लिहून दिलें, हें त्यांना नंतर कळलें.

स्त्री-कामगारांच्या राष्ट्रीय संघाच्या संस्थापक मेरी मॅकार्थर ह्या वेळीं पुढें आल्या. ज्या बायकांनीं कागदावर खूण करण्याचें नाकारलें, त्यांना कांबा मिळेनाशा झाल्या. सुमारें ८०० बायका काम बंद ठेवून बसल्या. त्यांत सत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्याही होत्या. त्यांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत आलीं, चलच्चित्रें नाट्यगृहांत दाखविण्यांत आलीं, आणि देशभरांतून सुमारें चार हजार पौंडांचा निधि जमला. नवा दर मान्य करणाऱ्या मालकांची एक यादी करण्यांत आली. दहा आठवड्यांनीं, २२ ऑक्टोबर १९१० रोजीं, शेवटच्या मालकाचें नांव त्या यादींत चढलें. निधींतून जें शिल्लक राहिलें, त्यांतून गांवांत कामगारांसाठीं एक सभागृह बांधण्यांत आलें. तें १९१२ सालीं खुलें झालें.

मजुरी वाढली तर धंदा बुडेल, असें भाकीत त्या वेळीं शहाण्यांनीं केलें होतें. अर्थशास्त्राचे अभ्यासक आर. एच. टॉनी यांनीं १९१४ सालीं ह्या धंद्याची तपासणी करून पुस्तक प्रसिद्ध केलें. धंदा बुडाल्याचें त्यांना आढळलें नाहीं. परंतु क्रॅडले हीथनें ह्याहून मोठ्या दोन गोष्टी शिकविल्या. पहिली अशी कीं, भुकेल्या माणसाची संमति ही संमति नव्हे; म्हणून किमान मजुरी सोडून देण्याचा अधिकार खुद्द कामगारालाही असतां कामा नये. दुसरी अशी कीं, दर हा कागदावर लिहून चालत नाहीं. तो देणाऱ्यांचीं नांवें यादींत लिहावीं लागतात.

हे धडे हिंदुस्थानांत पोंचण्यास वेळ लागला. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९२८ सालीं किमान वेतन ठरविण्याच्या यंत्रणेसंबंधीं ठराव संमत केला. पुढच्याच वर्षीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदी कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. त्याच्या सभासदांत एक महाराष्ट्रीय होते, नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे हे शिक्षक १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणगांवांत उतरले होते, आणि १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत त्यांचा वांटा होता. कमिशननें १९३१ सालच्या अहवालांत गिरण्यांबरोबर बिडी, अभ्रक, लाख, कातडीं कमावणें अशा लहान लहान धंद्यांकडेही नजर टाकली. बिडीच्या कांहीं खोल्यांतून पांच वर्षांचीं मुलें दिवसाला दहा-बारा तास काम करतांना आढळलीं. कोठें कोठें त्यांची मजुरी दोन आण्यांपर्यंत खालीं होती.

तथापि अहवालापासून कायद्यापर्यंतचा प्रवास सतरा वर्षांचा झाला. १९४२ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर-मंत्री झाले. परळच्या चाळींत अनेक वर्षें राहिलेल्या आणि १९३६ सालीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापणाऱ्या ह्या मंत्र्याला असंघटित मजुराची स्थिति पुस्तकांतून शिकावयाची नव्हती. त्यांच्या कारकीर्दींत १९४४ सालीं डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखालीं कामगार-चौकशी समिति नेमली गेली, आणि ११ एप्रिल १९४६ रोजीं किमान वेतनाचें विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळांत मांडण्यांत आलें. तें संमत होण्यापूर्वीं राज्य बदललें. स्वतंत्र भारतांत, जगजीवनराम मजूरमंत्री असतांना, तें मंजूर झालें, आणि १५ मार्च १९४८ पासून कायदा अंमलांत आला.

ह्या कायद्याच्या २५ व्या कलमांत क्रॅडले हीथचा पहिला धडा अक्षरश: उतरलेला दिसतो. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल समजावा, असें तें कलम सांगत होतें. अंगठा उठवून घेतलेला कागद ह्यापुढें मालकाच्या कामीं येणार नव्हता. शालीचें विणकाम, भाताच्या आणि डाळीच्या गिरण्या, बिडी, मळे, तेलाच्या गिरण्या, रस्ते आणि इमारती, खडी फोडणें, लाख, अभ्रक, मोटार-वाहतूक, कातडीं आणि स्थानिक संस्थांची नोकरी, असे धंदे परिशिष्टाच्या पहिल्या भागांत घालण्यांत आले. दुसऱ्या भागांत शेती होती. शेतमजुरीचे दर ठरविण्याची मुदत मात्र पुढें एकापेक्षां अधिक वेळां वाढवावी लागली. ज्या धंद्यांत सबंध राज्यांत एक हजारांपेक्षां कमी कामगार असतील, तेथें दर न ठरविण्याची मोकळीकही सरकारला होती.

दर कशाच्या आधारें ठरवावा, ह्याचा निर्णय १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय मजूर परिषदेनें केला. कामगाराच्या कुटुंबांत खाणारीं माणसें तीन धरावीं. प्रत्येकास २७०० उष्मांकांचें अन्न मिळावें. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड लागतें असें मानावें. घरभाडें सरकारी औद्योगिक वसाहतीच्या हिशेबानें धरावें. आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्च यांसाठीं एकूण वेतनाचा पांचवा हिस्सा ठेवावा. मुलांचें शिक्षण आणि औषधपाणी यांसाठीं आणखी एक चतुर्थांश धरला पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं सांगितलें. किमान वेतन म्हणजे काय, ह्याचें चित्र अशा रीतीनें बरेंच स्पष्ट झालें.

परंतु मशीद बंदरच्या गल्लींत ह्या चित्राचा उपयोग काय होता? दुसऱ्याच्या मार्फत माणसें कामाला लावणारा हाही मालकच, असें कायदा म्हणत होता. पण त्या कायद्याची सर्व भिस्त मालकानें ठेवावयाच्या हजेरीपुस्तकावर आणि तें तपासणाऱ्या निरीक्षकावर. जेथें पुस्तकच नाहीं, तेथें निरीक्षकानें काय तपासावें? पोत्यावर मालाची खूण असे. तें वाहणाराच्या मालकाची खूण कोठेंच नसे. मजुरी टोळीला मिळे, टोळींत ती मुकादम वांटी, आणि वांटण्यापूर्वीं आपला भाग ठेवून घेई. सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागांतून आणि घाटावरच्या इतर तालुक्यांतून आलेले हे लोक गांवच्या नांवानें घेतलेल्या एकाच खोलींत आळीपाळीनें निजत, खानावळींत जेवत, आणि उरेल तें मनीऑर्डरनें घरीं धाडीत. गिरणीकामगाराला भविष्यनिर्वाह-निधि होता, रजा होती, नुकसानभरपाई होती. माथाडीला ह्यांपैकीं कांहींच नव्हतें, कारण ह्या सर्व गोष्टी मालकाकडून मिळतात आणि त्याला मालक नव्हता.

ह्या कोड्याचें एक उत्तर मुंबईच्या गोदींत तयार होत होतें. गोदीचें काम जहाज लागेल तसें. जहाज आलें कीं टोळीवाला माणसें गोळा करी. जहाज गेलें कीं माणसें मोकळीं. लंडनच्या गोदींतही हीच तऱ्हा होती. तेथील १८८९ सालचा मोठा संप तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणूनच झाला होता. ब्रिटननें १९४७ सालीं गोदीकामगारांची नोंदणी करण्याची योजना आणली. भारतानें १९४८ सालीं, म्हणजे किमान वेतनाच्याच वर्षीं, गोदीकामगारांसाठीं स्वतंत्र कायदा केला, आणि १९५१ सालीं मुंबईची योजना सुरू झाली. तिचें सूत्र सोपें होतें. जहाजें पुष्कळ असोत, धनी पुष्कळ असोत. कामगाराचें नांव मात्र एका मंडळाच्या पुस्तकांत राहील. काम मंडळामार्फत मिळेल, पैसेही मंडळामार्फत मिळतील.

गोदीच्या भिंतीपासून मशीद बंदर कांहीं पावलांवर आहे. तीं पावलें ओलांडण्यास आणखी अठरा वर्षें लागलीं. १९६० नंतरच्या वर्षांत अण्णासाहेब पाटील यांनीं मुंबईच्या माथाडींना संघटित केलें. पाटण तालुक्यांत १९३३ सालीं जन्मलेले अण्णासाहेब स्वत: मुंबईंत ओझीं वाहिलेले होते. गांवकीच्या खोलींतला माणूस आपली हकीकत त्यांना सांगूं लागला, तर त्यांतला एकही शब्द समजावून द्यावा लागत नसे. पुण्यांत डॉ. बाबा आढाव यांनीं हमाल पंचायतीच्या रूपानें हेंच काम आरंभिलें होतें. माल वाहणाऱ्यांनीं एकाच दिवशीं पाठ सरळ केली तर सबंध बाजार थांबतो, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या आणि सरकारच्या ध्यानांत आली.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतांना १९६५ सालीं राज्य सरकारनें एक समिति नेमली. माथाडी, हमाल, मिठागरांतले मजूर, मच्छीमारीच्या धंद्यांतले मजूर आणि नैमित्तिक कामगार यांना चालू कायद्यांचें संरक्षण मिळतें काय, हें तिनें पाहावयाचें होतें. तिचा अहवाल १९६७ सालीं आला, आणि त्यानंतर १९६९ सालीं महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा संमत झाला. ह्या कामगारांना कायद्यानें नांव दिलें 'असंरक्षित कामगार'. त्यांना संरक्षण नव्हतें, ही कबुलीच त्या नांवांत होती.

कायद्याची रचना अशी आहे. एकेका बाजाराला किंवा धंद्याला एक मंडळ. त्यांत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधि समसमान, शिवाय सरकारनें नेमलेले सभासद. मालकानें मंडळाकडे नोंद करावयाची, कामगारानेंही करावयाची. नोंद झालेल्या मालकानें नोंद झालेल्या कामगाराकडूनच काम घ्यावयाचें. मजुरी टोळीच्या मुकादमाकडे न जातां मंडळाकडे भरावयाची, आणि तिच्यावर ठराविक टक्के अधिक रक्कम, जिला लेव्ही म्हणतात, तीही भरावयाची. मंडळ कामगाराला मजुरी देतें, आणि लेव्हींतून त्याचा भविष्यनिर्वाह-निधि, उपदान, पगारी रजा, बोनस आणि औषधोपचार यांची तरतूद करतें. आज साखरेचें पोतें, उद्यां कापडाची गांठ, परवां लोखंडाच्या सळ्या. धनी रोज बदलला तरी पुस्तकांतलें नांव बदलत नाहीं. किराणा बाजार, कापडबाजार, लोखंडबाजार अशीं मंडळें एकामागून एक उभीं राहिलीं. ह्या कायद्याविरुद्ध व्यापारी न्यायालयांत गेले, पण कायदा टिकला. पुढें मुंबईचे घाऊक बाजार वाशीस हलले, तेव्हां माथाडीही नव्या मुंबईस गेले. त्यांच्यासाठीं तेथें घरें झालीं, रुग्णालय झालें. ज्याच्या बापाला खोलींत आळीपाळीनें निजावें लागलें, त्याच्या मुलाला स्वत:च्या दारावर नांवाची पाटी लावतां आली.

ह्या उत्तराची नक्कलही झाली. केरळनें १९७८ सालीं ओझेवाल्यांसाठीं कायदा केला, गुजरातनें १९७९ सालीं, तामिळनाडूनें १९८२ सालीं. महाराष्ट्रानें १९८१ सालीं खासगी सुरक्षारक्षकांसाठीं असेंच मंडळ काढलें. आणि दिल्लींत १९८२ सालीं, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें त्याच तत्त्वाला घटनेचें बळ दिलें. त्या मजुरांचें किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होतें. मधले जमादार त्यांतला एक रुपया कापीत. न्यायमूर्ति भगवती यांनीं सांगितलें कीं, किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणें म्हणजे वेठबिगार होय, आणि ज्याच्यासाठीं काम चाललें आहे त्याला कंत्राटदाराकडे बोट दाखवून सुटतां येणार नाहीं. बिडी वळणाऱ्या बायकांच्या बाबतींतही १९६६ सालच्या कायद्यानें आणि १९७४ सालच्या निकालानें हेंच झालें होतें. पान-तंबाखू घरीं नेऊन बिड्या वळल्या, तरी वळणारी ही कारखानदाराचीच कामगार ठरली.

तथापि इतिहास एकाच बाजूनें सांगणें बरें नाहीं. नोंदपुस्तक हें दार आहे. आणि दार उघडतें तसें बंदही होतें. ज्यांचीं नांवें पुस्तकांत आलीं नाहींत, ते त्याच बाजारांत उघडे राहिले. काम न करतां मजुरी मागणाऱ्या टोळ्या पुढें कित्येक ठिकाणीं निघाल्या, आणि माथाडीच्या नांवाखालीं खंडणी उकळल्याच्या तक्रारी झाल्या. केरळांत तर नुसतें उभें राहून पाहिल्याचे पैसे घेण्याची चाल पडली होती. तेथील सरकारला २०१८ सालीं तिच्यावर बंदी घालावी लागली. यंत्रें आलीं तशीं पाठीवरचीं ओझीं कमी झालीं, आणि त्याबरोबर कामही कमी झालें. चांगला कायदाही राखणदार असेल तरच चांगला राहतो.

शिवाय पुस्तकाबाहेरचा समाज पुस्तकांतल्या समाजाहून फार मोठा आहे. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें २००७ सालीं दाखविलें कीं, देशांतील शंभर काम करणाऱ्यांपैकीं ९० हून अधिक असंघटित स्थितींत आहेत. १९४८ चा किमान वेतन कायदा आतां इतिहासांत जमा झाला आहे. त्याच्या जागीं आलेली २०१९ ची वेतनसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनें परिशिष्टांची यादी काढून टाकून सर्वच नोकऱ्यांना किमान वेतन लागू केलें. दराचा प्रश्न अशा प्रकारें बहुतेक सुटला. देणाराचा प्रश्न मात्र नव्या वेषांत पुन: उभा आहे. मोबाईलवरच्या मागणीप्रमाणें दारोदार जिन्नस पोंचविणाऱ्या तरुणाला कंपनी आपला नोकर म्हणत नाहीं, भागीदार म्हणते. दुकानदार म्हणतो तो कंपनीचा. कंपनी म्हणते तो स्वतंत्र. गिऱ्हाईकाला त्याचें नांवही ठाऊक नसतें. राजस्थाननें २०२३ सालीं अशा कामगारांसाठीं कायदा केला. त्यांत नोंदणी आहे, मंडळ आहे, आणि प्रत्येक व्यवहारामागें भरावयाची रक्कम आहे. मशीद बंदरची ओळख त्यांत सहज पटते.

ह्याहून जवळचें उदाहरण तर रोज सकाळीं प्रत्येक सुखवस्तु घराच्या दारांत येऊन उभें राहतें. चार घरचीं धुणींभांडीं करणारी बाई. तिला चार धनिणी आहेत, आणि म्हणून एकही नाहीं. ती आजारी पडली तर प्रत्येक घरीं एका दिवसाची अडचण होते. तिच्या घरीं मात्र चार पगारांची खोट येते. तिची रजा कोणीं सोसावी, म्हातारपणीं तिच्याकडे कोणीं पाहावें, असें विचारलें तर चारही घरें म्हणतील, "ती आमच्याकडे तासभरच येते." हेंही अर्धें खरें आहे. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांच्या कल्याण-मंडळाचा कायदा केला. परंतु माथाडीच्या मंडळाप्रमाणें मजुरी आणि लेव्ही त्या चार घरांतून गोळा करण्याची सोय त्यांत नाहीं.

१९०६ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत वस्तूमागचा हात पाहण्यासाठीं लोक मुद्दाम सभागृहांत गेले होते. येथें तो हात रोज घरांत येतो. मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांचें म्हणणें होतें कीं, आपण ह्या माणसाचे पुरते धनी नाहीं. तें खोटें नव्हतें. प्रत्येक जण त्याचा पंचमांश धनी होता. १९६९ च्या कायद्यानें त्यांना त्याहून अधिक कांहीं व्हावयास सांगितलें नाहीं. प्रत्येकाकडून त्याचा पांचवा भाग तेवढा मागून घेतला आणि पुस्तकांत लिहिला, तेव्हां त्या पांचांचा मिळून एक पुरा धनी झाला. दारांत उभ्या असलेल्या बाईच्या बाबतींत चौथा भाग कोणाचा, हें शोधण्यासाठीं कोणत्याही समितीची वाट पाहण्याचें कारण नाहीं.